कानातली बायको

चष्मेवाल्याला गाण्याचे शब्द पाठ होत नसत. गिऱ्हाइकाच्या दोन्ही डोळ्यांचे नंबर तो वर्षानुवर्षं लक्षात ठेवी, पण दुसरं कडवं आलं की डोकं कोरं. यावर तोडगा बायकोनेच काढला. गाण्याचा ट्रॅक तिने लॅपटॉपवर दोन भागांत केला. एका वायरीतून सगळा वाद्यवृंद हॉलच्या स्पीकरमध्ये जायचा आणि दुसऱ्या वायरीतून ठेक्याची टिकटिक आणि तिने आधीच रेकॉर्ड केलेल्या सूचना थेट नवऱ्याच्या कानात. बाहेरचा गोंगाट नको म्हणून तो कानात खोल बसणारे इअरफोन घाली. बायको त्यांना बोळे म्हणे.

बोळ्यांचा एकच त्रास होता. टाळ्या ऐकू येत नसत. म्हणून शेवटचा सूर लागला रे लागला की तो बोळे उपटून काढी. घरी सराव करतानाही काढी. घरी टाळ्या वाजवायला कुणी नसे, पण सवय हवी, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या संध्याकाळी मोठी परीक्षा होती. कोपऱ्यावरच्या हॉटेलला दर शनिवारसाठी गायक हवा होता आणि मॅनेजर एक गाणं ऐकून निर्णय देणार होता. आतापर्यंत दोन हॉटेलांनी "कळवतो" म्हणून काही कळवलं नव्हतं.

"हेही हुकलं ना, तर माईक माळ्यावर," चष्मेवाला म्हणाला. "परत नाव काढणार नाही गाण्याचं."

"असं काय हो अवसानघातकी बोलता? आईसुद्धा येतेय ऐकायला."

"म्हणूनच बोलतोय!"

सासूबाई पहिल्याच टेबलावर, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. जावयाच्या गाण्याबद्दल त्यांचं मत घरात सगळ्यांना ठाऊक होतं, कारण त्या ते कधी हळू आवाजात सांगत नसत.

दिवे मंदावले. बायकोने लॅपटॉपवर बोट दाबलं. चष्मेवाल्याच्या कानात व्हायोलिनं सुरू झाली. कानात बायको हवी होती, व्हायोलिनं नव्हे!

इकडे हॉलभर टिकटिक घुमली आणि पाठोपाठ स्पीकरमधून बाईचा खणखणीत आवाज आला, "पोट आत घ्या. खिशातला हात काढा."

हॉलने एकदम स्टेजकडे पाहिलं. हात खिशात होता.

बायकोने चटकन वायरींकडे पाहिलं. दोन्ही काळ्या, दिसायला सारख्या. एकीला तिने लाल चिकटपट्टी लावून ठेवली होती, ती गायब होती. मग तिला आठवलं, दुपारी वायरी गुंडाळताना नवरा म्हणाला होता, "स्टेजवर असल्या चिंध्या बऱ्या दिसत नाहीत." ती उठली, पण तेवढ्यात मॅनेजरने टेबलावर हात आडवा धरला.

"हात लावू नका, बाई! तिकडे बघा."

कोपऱ्यातलं एक टेबल हसून आडवं झालं होतं.

स्टेजवर चष्मेवाला जिवाच्या आकांताने गात होता. त्याला फक्त व्हायोलिनं ऐकू येत होती. लोकांचे चेहरे फुलले होते, म्हणजे गाणं रंगतंय, असा त्याने अर्थ लावला.

"आता डोळे मिटतील," स्पीकर म्हणाला, "मिटू नका, झोप आल्यासारखं वाटतं." चष्मेवाल्याने भावनेच्या भरात डोळे मिटले. हशा पिकला.

"आईकडे बघू नका. ती जांभई देत असेल."

सासूबाईंनी उघडलेलं तोंड मिटलं.

मग दुसरं कडवं आलं. "खिडकीने सुरू होतं. खिडकी! दार नाही, दार तिसऱ्या कडव्यात." चष्मेवाल्याने अर्थातच "दाराशी" म्हणून सूर लावला.

"खिडकी!" सगळा हॉल ओरडला. लोक हातवारे करत खिडकीकडे बोटं दाखवू लागले. त्याला वाटलं, वारा लागतोय बिचाऱ्यांना. गाता गाता त्याने वेटरला खूण केली, खिडकी लाव रे. वेटर खिडकीकडे धावला, त्याच्याकडे बघता बघता चष्मेवाल्याला शब्द आठवला, आणि "खिडकीपाशी" असा काही सुरेल लागला की लोकांनी टेबलं बडवली.

गाणं संपलं. सवयीप्रमाणे त्याने बोळे काढले आणि टाळ्यांसाठी मान झुकवली. टाळ्या सुरू व्हायच्या आत त्याच्या कानांवर बायकोचा आवाज पडला. स्पीकरमधून आला, आणि हळू होता.

"झालं. शब्द खाल्ले असणारच. पण याच आवाजासाठी लग्न केलं मी, अजूनही तसाच आवडतो. हे काही तुम्ही ऐकत नाही म्हणा. तुम्ही बोळे काढून टाळ्या ऐकताय."

हॉलमध्ये टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. चष्मेवाला वळून बायकोकडे बघत राहिला. तिने पदराने तोंड झाकलं होतं. टाळ्या त्याला ऐकूच आल्या नाहीत.

"हे कधी रेकॉर्ड केलंस?" त्याने नंतर विचारलं.

"पहिल्या ट्रॅकपासून आहे. प्रत्येक गाण्याच्या शेवटी."

तेवढ्यात मॅनेजर आला.

"दर शनिवार तुमचा. पण बाईंचा आवाज हवा."

"अहो, मला कुठं गाता येतं!" बायको म्हणाली.

"गाऊ नका हो. नुसतं रागवा."

तेव्हापासून दर शनिवारी ती स्टेजवर दुसरा माईक घेऊन बसते आणि मनसोक्त रागावते. वायरीला लाल चिकटपट्टी परत लागली आहे, चांगली दोन पदरी. वाद्यवृंद हॉलमध्ये वाजतो आणि शेवटचं वाक्य फक्त चष्मेवाल्याच्या कानात जातं. लोक उभं राहून टाळ्या वाजवतात, तरी तो बोळे काढत नाही, मान खाली घालून गालातल्या गालात हसत उभा असतो.

"बघा, कसा माज चढलाय," पहिल्या टेबलावरून सासूबाई शेजारणीला सांगतात. "टाळ्यासुद्धा ऐकून घेत नाही मेला."