सागाचा ओंडका आणि साहाय्य केंद्र

एका जंगलात, मुलांनो, एक नियम होता. साहाय्य केंद्रानं मदत केली की आभार मानायचे. कसली मदत केली, हे विचारायचं नाही. हा नियम कोणी केला, कधी केला, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेही विचारायचं नाही, असा एक पोटनियम होता.

शेवरी नावाच्या खारीला तिच्या आजीनं हा नियम डोळे उघडायच्या आधीच शिकवला होता. पण शेवरी पुढे वडाखालच्या महाविद्यालयात शिकली आणि तिथे तिचे डोळे जरा जास्तच उघडले. असं होतं कधी कधी. तुम्ही जपा.

शेवरीचं एक छोटंसं मंडळ होतं. चार खारी, दोन मुंगसं आणि एक साळिंदर. मंडळाचं काम एकच. रोज सकाळी सशांची पिल्लं ओढ्यावरच्या साकवावरून शाळेत नेऊन सोडायची, दुपारी परत आणायची. पगार नाही, मानधन नाही. साळिंदर तर पिल्लांना टोचू नये म्हणून सगळे काटे अंगाशी चापून चालायचं.

साकव म्हणजे काय, तर ओढ्यावर आडवं टाकलेलं एक खोड. ते आता कुजलं होतं. जवळच्या माळावर सागाचा दणकट ओंडका पडला होता, पण सातही जणांनी दिवसभर ढकलून तो तसूभर हलला नव्हता.

म्हणून शेवरी साहाय्य केंद्रात गेली.

सेवाभावी मंडळांना मदत करणं, हेच केंद्राचं काम. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलं होतं. अध्यक्ष होते दंतोपंत हत्ती. चिटणीस होते बगळेकाका.

"दंतोपंतकाका, पाच मिनिटांचं काम आहे," शेवरी म्हणाली. "माळावरचा ओंडका तेवढा ओढ्यावर टाकून द्या."

दंतोपंतांनी सोंड उचललीसुद्धा. ते मनानं चांगले होते. पण बगळेकाका खाकरले.

"थांबा अध्यक्षमहाराज. आपण ओंडका टाकला, तर मंडळ परावलंबी होईल."

"अरेच्चा!" सोंड खाली आली. "मग काय करायचं?"

"सक्षम करायचं. बाळ, आधी तुमच्या गरजेचं सर्वेक्षण होईल."

"काका, गरज मला ठाऊक आहे. ओंडका."

"ती तुला वाटणारी गरज झाली. खरी गरज आम्ही शोधू."

सर्वेक्षणाला एक महिना लागला. खरी गरज मार्गदर्शनाची निघाली.

मग शिबिर झालं. विषय होता 'ओंडका : संकल्पना, स्वरूप आणि दिशा'. बोलायला लांबून एक गेंडा आणला होता. तो दोन तास बोलला. खरा ओंडका आपल्या आतच असतो, असं त्याचं म्हणणं पडलं. मुंगसं रडली. शेवटी सातही जणांना फाइल, प्रमाणपत्र आणि उपमा मिळाला.

"शेवरी, साकव करकरतोय गं," परत येताना साळिंदर म्हणालं.

"फाइल टाकून बघू का त्याच्यावर?" शेवरी म्हणाली.

चार दिवसांनी साकव मोडला. सगळ्यात मागे चालणारं पिंजी नावाचं पिल्लू पाण्यात पडलं. साळिंदरानं मागचापुढचा विचार न करता उडी मारली. पिंजीनं त्याचे काटे घट्ट धरले, म्हणून ती वाचली. पण तिचे दोन्ही पंजे रक्तबंबाळ झाले. दुसऱ्या दिवसापासून सशांनी पिल्लं घरीच ठेवली. शाळेत बाई एकट्याच बसू लागल्या.

शेवरी पुन्हा केंद्रात गेली. तिला पाहून बगळेकाकांचा चेहरा खुलला.

"बरी आलीस! रविवारी वार्षिक संमेलन आहे. तुझं मनोगत ठेवलंय. केंद्रामुळे मंडळाला काय मिळालं, त्यावर दोन शब्द बोल. वरच्या जंगलातून पाहुणे येणार आहेत. ते खूश झाले, तर पुढच्या वर्षी तुमच्या ओंडक्याचा विषय घेऊच."

"पुढच्या वर्षी?"

"आणि नाही बोललीस, तर मंडळ यादीतून गळेल. मग कधीच नाही. नीट विचार कर हो."

घरी आजीनंही तेच सांगितलं. "बोल की दोन शब्द. जीभ झिजते का तुझी? आम्ही जन्मभर आभार मानले. आमचं काय वाईट झालं?"

"पण आजी, तुला मिळालं काय?"

"असं विचारायचं नसतं!" आजी कडाडली.

शेवरी पिंजीला बघायला गेली. पंजांना पाला बांधून ती बिळाच्या तोंडाशी बसली होती. "शाळा कधी गं सुरू होणार?" एवढंच तिनं विचारलं. शेवरीनं तिथेच ठरवलं, बोलायचं. खोटं तर खोटं. दोन शब्दांत साकव मिळत असेल, तर मिळू दे.

रविवारी संमेलन भरलं. हारतुरे झाले, पाहुण्यांची ओळख झाली, ओळख करून देणाऱ्याचीही ओळख झाली. यंदाचं उंच व्यासपीठ दंतोपंतांनी आज सकाळी एकट्यानं रचलं, असं बगळेकाकांनी कौतुकानं सांगितलं. टाळ्या पडल्या. मग शेवरीचं नाव पुकारलं गेलं.

ती वर चढली आणि थबकली. पायांखाली सागाची साल होती. ढकलता ढकलता उमटलेले तिच्याच नखांचे ओरखडे त्या सालीवर होते.

"बोल बाळ," बगळेकाका कुजबुजले. "केंद्रामुळे आम्हाला..."

शेवरी दंतोपंतांकडे वळली. "काका, हा ओंडका इथे आणायला किती वेळ लागला?"

"छे! वेळ कसला? येता येता उचलला," दंतोपंत भाबडेपणानं म्हणाले.

"गेंड्याचं मार्गदर्शन घेतलं होतंत?"

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. आजीनं शेपटीत तोंड लपवलं.

"शेवरी," बगळेकाका चोचीतल्या चोचीत म्हणाले, "आभार मान आणि खाली उतर."

"नाही मानणार," शेवरी म्हणाली. आता तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "काका, खरं सांगते, मी खोटं बोलायचं ठरवूनच आले होते. पण हा ओंडका तिकडे नव्हता, म्हणून पिंजी पडली. आणि त्याच्यावरच उभं राहून मी तुमचे आभार मानू? यादीतून नाव काढायचं तर काढा. कसली मदत केलीत, ते आधी सांगा."

पाहुण्यांनी दंतोपंतांकडे पाहिलं. दंतोपंतांनी बगळेकाकांकडे पाहिलं. बगळेकाकांनी नकळत दुसराही पाय खाली टेकला. आजीनं ओरडायला तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. 

तात्पर्य : मुलांनो, वडीलधाऱ्यांना कधीही प्रश्न विचारू नये. त्यांना विचार करावा लागतो, आणि या वयात ही नवी सवय त्यांना झेपत नाही.