पुरणपोळीतला कापूस

आमच्या उंद्रीत किसनभाऊंची पोरं पहिला घास खात नसत, तपासत. भाकर उजेडाकडे धरून पाहत, भाजी हुंगत आणि ताक आधी मांजराला पाजत. सख्ख्या बापाच्या घरी, बरं का!

तेव्हा आमचं वऱ्हाड मध्य प्रांताच्या दावणीला बांधलेलं. नागपूरचं सरकार उद्या काय करील ते सांगता येत नसे. पण किसनभाऊ आज ताटात काय वाढतील, ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. सीताफळ आतून साफ खाऊन दोन्ही वाट्या अशा जुळवून ठेवत, की पोरगं फळ उघडी आणि किंचाळे. उकडलेल्या बटाट्याला साखर फासून पेढा करत. तो एकदा मीही खाल्ला. "कसा लागते, मास्तर? चिखलीचा हाय!" म्हणत हे मांडीवर थापा मारतायत!

बायको लवकर गेलेली. स्वयंपाक विधवा बहिणीकडे, जिजीकडे. ती कपाळ बडवी, "दादा, लेकरायच्या तोंडी काय हे?"

"हासतात ना? मंग चूप बस."

थोरल्या गोदीला पाहायला दुसरबीडचे पाहुणे आले. होणारे सासरे म्हणजे भरजरी पागोटं आणि अशा मिशा, की बैलांनी धाकानं सरळ चालावं. आमच्याकडे रीत अशी, की पाहुणे पोटभर जेवले म्हणजे सोयरीक जुळली. ताटावरून उठले म्हणजे मोडली.

किसनभाऊंनी स्वतःच्या हातानं त्यांना पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार सोडली. शेजारच्या पाटावर मी माझी पोळी आधी उजेडाकडे धरून पाहिली. हे प्रेम माझ्या ओळखीचं होतं!

पाहुण्यांनी घास घेतला. तुटेना. ओढला, तर लांबत गेला. एक टोक दातांत, एक बोटांत आणि मध्ये, मिशांच्या खाली, पांढराशुभ्र कापूस! या गृहस्थानं पुरणाबरोबर कापूस लाटला होता!

जिजीच्या हातून पळी पडली. दाराआड गोदीनं पदर तोंडात कोंबला. पाहुणे गुडघ्यावर हात टेकून अर्धे उठले. मी डोळे मिटून घेतले. संपलं!

"काऊन हो," वरून गडगडाट झाला, "यंदा कापसाले गिऱ्हाईक नाही का? पाव्हण्याच्या पोटात भरून राह्यले ते!"

डोळे उघडले तर मिशा हलत होत्या. पाहुणे धपकन खाली बसले आणि असे हसले, की पागोटं थेट आमटीत!

जेवणं झाल्यावर परसात मी किसनभाऊंना गाठलं. "अहो, उठून गेले असते म्हणजे?"

"गेले असते त गेले असते." ते हातावर पाणी घेत राहिले. "गोदीची माय गेली तवा पोरगी खायेच ना, बोलेच ना. एक दिवस म्या भाकरीत कापूस दडवला. तिनं दातातून ओढला, अन् हासली हो, मास्तर. माय गेल्यावर पह्यल्यांदा. जिथं कोणी हासत नाही, तिथं कशी देऊ तिले?"

आम्ही ओसरीवर आलो. व्याही मुहूर्ताचं बोलत होते. "येत्या माघात उरकून टाकू!"

किसनभाऊ कोरडे झालेले हात पुन्हा धोतराला पुसत म्हणाले, "त्याच्या पुढच्या माघात नाही का जमत?"

ओसरी हसून लोळली. "पुन्हा फसवून राह्यले!" म्हणत व्याह्यांनी डोळे पुसले.

किसनभाऊही हसले. जरा उशिरानं.