सेलरी वाढली

कारकुनाच्या बायकोने कुठल्याशा मासिकात वाचलं की सेलरी नावाची विलायती देठांची भाजी खाणारा माणूस चिडत नाही. नवरा तीन वर्षं पगारवाढीची वाट बघून बघून चिडका झाला होता, म्हणून तिने मागच्या अंगणात सेलरी लावली. बी इतकं बारीक, की एक शिंक आली असती तर पीक शेजाऱ्याकडे गेलं असतं. तीन आठवडे काही उगवलं नाही. तरी दोघं रोज सकाळी जाऊन मातीची विचारपूस करत. मग एकदाची ती उगवली, आणि बायको दर महिन्याला पट्टी लावून तिची उंची मोजू लागली.

कारकून नळ बनवणाऱ्या एका कंपनीत आवक-जावकच्या टेबलावर होता. आलेलं पत्र वहीत चढवायचं, जाणारं पत्र वहीत चढवायचं. पगारवाढीचा स्वतःचा अर्जही त्याने तीनदा स्वतःच चढवून साहेबांकडे पाठवला होता. यंदाची यादी शुक्रवारी लागायची होती. वाढ मिळाली तर स्वयंपाकघराचं गळकं छत बदलायचं ठरलं होतं. तोवर पातेली आळीपाळीने ड्यूटीवर होती.

त्या ऑफिसात पगाराला पगार म्हणणं मागासपणाचं समजत. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे ‘सॅलरी’ म्हणत, आणि म्हणताना प्रत्येकाच्या तोंडून ‘सेलरी’ निघे.

सोमवारी बायकोचा फोन आला. तिला अंगणात नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून कारकून ओरडून बोलत होता.

“काय? सेलरी वाढली? अगं, खरंच?”

टायपिस्टबाईंची बोटं थांबली.

“दुप्पट? एका महिन्यात दुप्पट! हे बघ, कुणाला सांगत सुटू नकोस. लोक मागायला येतील.”

स्टोअरकीपर लगबगीने येऊन त्याच्या टेबलावर टाचणी शोधू लागला.

“आता ती पांढरी करायला हवी. वर्तमानपत्रात गुंडाळ, सुतळीने बांध, अजिबात उजेड लागू देऊ नकोस. पंधरा दिवसांत पांढरी होते बघ!”

फोन ठेवून कारकून शीळ घालत पाकिटं फोडू लागला. सेलरीच्या देठांना ऊन लागू दिलं नाही की ते पांढरे आणि कोवळे राहतात, हे त्या ऑफिसात एकट्या त्यालाच ठाऊक होतं.

“ऐकलंत ना?” स्टोअरकीपर कुजबुजला. “दुप्पट! आणि तीही काळी!”

“काळी नसती तर पांढरी कशाला केली असती?” टायपिस्टबाई म्हणाल्या. “आम्ही मेलं अठरा वर्षं बोटं झिजवतोय!”

चहापर्यंत दुप्पटची तिप्पट झाली. जेवणाच्या सुट्टीनंतर सगळं ऑफिस साहेबांच्या केबिनमध्ये घुसलं. साहेबांनी तर कुणालाच छदामही वाढवून दिला नव्हता, त्यामुळे ते हबकलेच. आपल्याला न विचारता वाढ मिळते, म्हणजे हा थेट मालकांचा माणूस! त्यांनी सगळ्यांना कसंबसं बाहेर काढलं, कारकुनाला बोलावलं आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच त्याला बसायला सांगितलं.

“सेलरी वाढली म्हणे तुमची?”

कारकुनाला भरून आलं. साहेब आपल्या अंगणाची चौकशी करताहेत! “हो साहेब. सगळी वरच्याची कृपा.”

साहेबांनी छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर मालक बसत.

“तुम्हालाही आणून देतो की, साहेब. कागदात गुंडाळून. घरी पोचवू की इथंच देऊ?”

“हळू बोला हो!” साहेब ताडकन उठले. “मला काही नको. मी तुमच्याच बाजूचा आहे, एवढं वर सांगा.”

शुक्रवारी यादी लागली. बोंबाबोंब नको म्हणून साहेबांनी सरसकट सगळ्यांना दहा टक्के वाढ दिली होती. फक्त कारकुनाच्या नावापुढे शेरा होता: ‘आधीच वाढलेली आहे.’

कारकून धावतच केबिनमध्ये शिरला. “साहेब, माझी सेलरी वाढलेली नाही! सेलरी वाढलीय!”

“तुमचं तुम्हाला तरी कळतंय का?”

“भाजी, साहेब! भाजी! अंगणात लावलीय!”

आपण चार दिवस एका भाजीला घाबरून होतो, हे कळल्यावर साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “यादीवर मालकांची सही झालीय,” ते गुरगुरले. “लेखी द्या. वर पाठवतो.”

कारकुनाने लिहिलं, ‘माझी सेलरी वाढली आहे, सॅलरी वाढलेली नाही. तरी योग्य तो विचार व्हावा.’ कागद टाईप करायला बाईंकडे गेला. अठरा वर्षांत त्यांच्या हातून एक अशुद्ध अक्षर सुटलं नव्हतं. त्यांनी आधी ‘सेलरी’ची ‘सॅलरी’ केली. मग वाक्यात तीच गोष्ट एकदा वाढलेली आणि एकदा न वाढलेली दिसली, म्हणून पुढचं निम्मं वाक्य गाळलं. कारकुनाने घाईघाईत सही ठोकली. आवक-जावकमध्ये मजकूर वाचायची सवय कुणालाच नसते.

सोमवारी अर्ज मालकांच्या शेऱ्यासह खाली आला. ‘वाढ झाल्याचे स्वतः कळवणारा कर्मचारी विरळा. कौतुक वाटले. ती वाढ त्वरित रद्द करावी.’

कारकुनाने शेरा दोनदा वाचला. मग चष्मा पुसला, वही उघडली आणि आपल्या सुवाच्य अक्षरात तो आवकमध्ये चढवला.