हवालदारांची बहासा

केरू हवालदारांसमोर ‘शुद्ध’ हा शब्द तुपाच्या बाबतीतही उच्चारायची सोय नव्हती. एकदा बाजारात एका दुकानदाराने तो उच्चारला, तर त्याच्याशी तासभर भांडून हवालदार तूप न घेताच दुसरं दुकान गाठायला कार्ल्याला चालत गेले.

दुसरं महायुद्ध संपल्यावर त्यांची पलटण जावा बेटावर होती. तिथून ते अधू गुडघा आणि भाषेबद्दलची ठाम मतं घेऊन आले. गुडघ्याचा त्रास त्यांना होई, मतांचा आम्हाला.

मी तेव्हा लोणावळ्याच्या शाळेत मास्तर होतो. हवालदारांची पुतणी सखू चौथीत होती. एकदा ती ‘आमी न्हाई गेलतो’ म्हणाली आणि हेडमास्तरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी हवालदार शाळेत आले आणि थेट हेडमास्तरांच्या खुर्चीत बसले.

“पोरीला उनात कुनी उभी केली?”

“मी,” हेडमास्तर उभ्यानेच म्हणाले. “शाळेत शुद्धच बोललं पाहिजे.”

झालं. हवालदारांनी टेबलावर मूठ आपटली. “जाव्याकडं बेटं किती हायती, ठावं हाय? मोजता मोजता दात पडतील तुमचे. दर बेटाची बोली निराळी. जावानी बोलनारी मानसं सगळ्यात जास्ती, पन त्या भाषेत मोठ्याशी बोलायचे शब्द निराळे आन् गड्याशी बोलायचे निराळे. मंग सोराज मागताना त्यांनी कंची भाषा घेतली? मलायी. बंदरावरची, मासळी इकनारीची. तिला नाव दिलं बहासा इंदोनेसिया. आन् तुमी एका ‘न्हाई’पायी लेकराला भाईर काढता?”

“बहासा म्हणजे भाषा,” हेडमास्तरांचा चेहरा खुलला. “म्हणजे शब्द आपलाच की.”

“आपला कसा? शेकडो वर्सं त्यांच्या घरात नांदतोय. दिलेली लेक परत मागता व्हय? अरबी, चिनी, फिरंगी, समद्यांचे शब्द घेतले त्यांनी. कुनाला भाईर उभं केलं न्हाई.”

हवालदार खुर्ची सोडेनात, तेव्हा सखूला आत घेतलं गेलं.

मी त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला निघालो. राग उतरावा म्हणून सहज विचारलं, “भावाला काय म्हणतात हो त्या भाषेत?”

ते चालता चालता थांबले.

“सौदारा.”

“सहोदर,” मी म्हणालो.

“तुमाला लगीच कळला.” त्यांनी रस्त्याकडे बघितलं. “त्यांनी नुकतंच सोराज जाहीर केलं हुतं, आन् आमाला इंग्रजानं त्यांच्यावर बंदुका धरून नाक्यावर उभं केलेलं. एक मानूस हात वर करून आला. सौदारा, सौदारा म्हनत हुता. मला वाटलं, शिव्या देतोय. बंदुकीचा दस्ता घातला त्येच्या तोंडावर. अर्थ दुसऱ्या दिशी कळला. भात इकनाऱ्या म्हातारीनं सांगितला.”

आम्ही पुन्हा चालू लागलो.

“तवापासनं भाषा शिकाया लागलो. गाठ पडली तर धड बोलता याया पायजे ना. माफीला त्यांच्यातबी माफच म्हंत्यात, मास्तर. त्यो शब्द शिकावा लागला न्हाई.” त्यांनी डोक्यावरचं पागोटं उगाच सारखं केलं. “पलटन निघेस्तवर रोज हुडकला. मानूस गावला न्हाई.”