पारखे सरांचा निळा धूर

पारखे सर माणसाला नमस्कार करायच्या आधी त्याच्या गाडीच्या मागे जाऊन वाकतात. धूर बघतात, हुंगतात आणि तिथल्या तिथे निकाल देतात. काळा असेल तर मान हलवून पुढे जातात. निळा असेल तर मात्र डोळे मिटून म्हणतात, "तेल पिती हो! आतली भिंत झिजली." एकदा पाथर्डीच्या स्टँडसमोर त्यांनी चक्क नवरदेवाच्या गाडीचा निकाल लावला. वरात खोळंबली, आणि नवरदेव मुंडावळ्या सावरत स्वतःच धूर बघायला खाली उतरला.

भिंत म्हणजे सिलिंडरची. पिस्टन ज्या नळीत वर-खाली पळतो, ती नळी आतून झिजली की खालचं ऑइल वर चढतं आणि जळतं. आमच्या गल्लीत हे आता शेंबड्या पोरालाही पाठ आहे. सर आयुष्यभर शाळेत मराठी शिकवायचे, पण बोलायचे इंजिनावर.

गंमत अशी की गावातला सगळ्यात निळा धूर सरांच्याच गाडीचा. मी त्यांची शेजारीण. दोरीवरच्या माझ्या साड्यांना त्या धुराचा वास बसायचा. मी कुरकुर केली की सर डिकीतला ऑइलचा डबा काढून ओतता ओतता म्हणायचे, "तिला थोडं लागतं. वय झालंय. आपल्याला न्हाई का चहा लागत?"

बंडू मिस्त्री कितीदा म्हणाला, इंजिन उघडू या. सर ऐकतील तर शपथ. "उघडून काय सोनं निघनार हाय का?" खर्चाला घाबरतात, दुसरं काय, असं मी चारचौघींत म्हणायचे.

त्यांच्या पत्नीला सगळे सिस्टरबाई म्हणतात. सरकारी नर्स होत्या. लसीकरणासाठी तालुकाभर फिरायच्या, आणि शाळा सुटली की सर फुफाट्याच्या रस्त्यांनी त्यांना आणायला जायचे. गाडी त्यातच म्हातारी झाली. नोकरी संपली तरी बाईंची स्वच्छता काही संपली नाही. शनिवारी त्यांच्या दोरीवर चादरी, पायपुसणी, मोजे आणि मधोमध चिमट्याला लटकलेला गाडीचा एअर फिल्टर. साबणाने धुतलेला, पांढराशुभ्र. मला वाटायचं, धुवायचाच असतो.

गेल्या महिन्यात चर्चमधल्या एका लग्नासाठी आम्ही तिघं सकाळीच नगरला निघालो. करंजी घाटात गाडीने मान टाकली. टेम्पोला बांधून ती परत बंडूच्या गॅरेजवर आणली. आता उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सरांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, गाडीसाठी.

बंडूने इंजिनाचं हेड उतरवलं आणि आत बोट फिरवलं. "सर, नख लावा हितं. काठ लागतोय का? भिंत पार खाल्ली. लई वर्सं धूळ गेलीया आत." मग त्याने फिल्टर उचलून उजेडात धरला. "आन् ह्यो कुनी धुतला? कागद हाय त्यो! धुतला की फाकतो, मंग काय, समदी माती इंजिनात."

सिस्टरबाई स्टुलावर चहा पीत होत्या. कप ओठांपाशीच थांबला.

"मी धुतला," सर लगेच म्हणाले. "म्हनलं, जरा चकाचक करावा."

गॅरेजमधले सगळे खो खो हसले. "आख्ख्या तालुक्याचा धूर हुंगता आन् घरात ही तऱ्हा?" बंडू म्हणाला. सरही त्यांच्याबरोबर हसले. मी आयुष्यात पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.

बाई कप विसळायला गेल्यावर मी हळूच विचारलं, "सर, तुम्हाला माहीत होतं?"

"कवाच. पन निम्मं नुकसान झाल्यावर कळलं. नवा लावला तर ती विचारनार, माझा धुतलेला काय वाईट हुता? तिला वाटतं, गाडी तिच्यामुळं टिकली. शनवारी फिल्टर हातात देताना तिचं तोंड बघा एकदा. इंजिन उघडलं की बंडू बोलनार, म्हनून उघडू देत न्हवतो."

गाडीचा जरा खडखडाट झाला तरी ज्याला जेवण जात नाही, त्या माणसाने आपलं इंजिन डोळ्यांदेखत झिजू दिलं होतं. मला भरून आलं, आणि चारचौघींत जे बोलले त्याची लाजही वाटली.

बंडूने झिजलेल्या नळ्या बोअर करून, म्हणजे आतून तासून, नवे पिस्टन बसवले. धूर थांबला. साड्यांना वास येत नाही, तर मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा शनिवार होता. मी साड्या वाळत घालत होते. पलीकडे बाई चादर पिळत होत्या. दोरीवर मधली जागा रिकामी. सर फिल्टर घेऊन स्वतःच बाहेर आले.

"अगं, ह्यो ऱ्हायला की."

बाईंनी मान वर केली नाही. "ऱ्हाऊ द्या आज. पानी कमी हाय."

त्यांच्या शेजारी नळ धो धो वाहत होता आणि बादली भरून ओसंडत होती.

सर फिल्टर काखेत मारून पुढे गेले आणि त्यांनी नळ बंद केला.