नीलकंठरावांचा गिलास

"इंदू, टाकीत तू काही टाकलं तर नाही ना?" नाकाला उपरणं लावून नीलकंठराव अंगणात उभे होते.

"टाकलं ना. फिनाईल. डबाभर." इंदूबाई निवांत शेंगा सोलत होत्या. "साहेबासमोर ते पाणी पिणार म्हणून तुम्ही साऱ्या गावात सांगून राहिले. नवऱ्याले घाण पाणी कशी पिऊ देऊ मी?"

नीलकंठरावांनी कपाळावर हात मारला. रेल्वेतून रिटायर झाल्यावर शहरातलं, तात्यापाऱ्यातलं घर मुलीवर सोपवून हे जोडपं रायपूरबाहेर, कुरुडीहच्या शेतावर राहायला आलं होतं. गावच्या मोऱ्यांचं पाणी तलावात जाई, आणि तलावापाशी म्हशीसुद्धा तोंड फिरवत. नीलकंठरावांनी सरपंच हरिदासला हाताशी धरून हे सांडपाणी शुद्ध करायला टाकी बांधली, पुढे खडीचा वाफा करून त्यात कर्दळ लावली. शेवटच्या नळाला इतकं नितळ पाणी येऊ लागलं की सुना त्यात पाहून कुंकू सारखं करत. असं हरिदास सांगतो; खोटं असेल तर त्याच्या माथी.

याच भरात गणपतीच्या मांडवात नीलकंठराव बोलून गेले, "मोठे साहेब येतीन ना, त्यांच्यासमोर या नळाचं गिलासभर पाणी पिऊन दाखवतो!" साहेबांना पटलं तर सरकारकडून पलीकडच्या पाऱ्याला, म्हणजे शेजारच्या वस्तीलाही टाकी मिळणार होती. नीलकंठराव मागे सरले, तर टाकीही गेली आणि नाकही.

शंकर नगरच्या ऑफिसातून इंजिनियर लेक, अनुश्री, धावत आली. "बाबा, आईने तो सारे बॅक्टेरिया मार डाले! वही तो गंदगी खाते थे!"

"पाळलेले होते, तर आधी सांगाले काय झालं होतं?" इंदूबाईंना खरंच वाईट वाटलं.

"अब दूसरे प्लांट का गाळ लाके डालो. दही जमाते हैं ना, वैसे."

"म्हणजे विरजण! मग असं मराठीत बोल ना, पोट्टे."

घरात घट्ट झाकणाचा डबा एकच, ताकाचा. नीलकंठराव शहरातल्या सांडपाण्याच्या प्लांटवरून तो काळ्या विरजणाने भरून बसमध्ये बसले. पहिल्याच खड्ड्यात झाकण उडालं.

"भैया, डिब्बे में क्या है?" शेजारच्याने विचारलं.

खोटं बोलवेना. नीलकंठरावांनी विरजणाचं हिंदी केलं, "जामन है."

"बहुत पुराना लगता है," म्हणत शेजारी उठला. त्याच्यामागे बाकीचे उठले. नीलकंठराव गावापर्यंत आडवे होऊन आले.

विरजण लागलं. हळूहळू वास मोडला, कर्दळ फुलली, नळ पुन्हा नितळ झाला. बिघडली ती फक्त नीलकंठरावांची नजर. नळाकडे पाहिलं की त्यांना डबाच दिसे.

साहेब आले त्या दिवशी नेमकी सकाळपासून लाईट गेलेली. अंगणात सगळ्यांना आल्याचा चहा झाला. साहेबांनी पुन्हा मागून घेतला. नीलकंठरावांनी धीर यावा म्हणून तिसऱ्यांदा. मग सारे नळाशी गेले. इंदूबाई नळापाशी वाकल्या आणि भरलेला गिलास घेऊन उठल्या.

"हव भैया, अब पी डालो!" हरिदास ओरडला.

"नावच नीलकंठ हाय," नीलकंठराव पुटपुटले. डोळे मिटले आणि गिलास एका दमात रिकामा केला. टाळ्या कडाडल्या. साहेबांनी पलीकडची टाकी तिथल्या तिथे मंजूर केली.

संध्याकाळी झोपाळ्यावर बसून ते म्हणाले, "इंदू, पाणी गोड लागलं व."

"लागणारच. आपल्या फिल्टरचं होतं. पदराआड गिलास बदलला मी."

नीलकंठरावांचा जीव भांड्यात पडला. "वाचवलं तू मले! आता सकाळसारखा फक्कड चहा टाक बरं."

"तसा कसा होईन? आता लाईट आली ना."

"चहाचा अन् लाईटीचा काय संबंध?"

"अजी, सकाळी बोरिंगचा पंप बंद. फिल्टरात गिलासभरच पाणी, ते तुमच्यासाठी झाकून ठेवलं. मग एवढ्या लोकांच्या चहाले पाणी कुठून आणलं असन मी? चांगलं खळखळून उकळलं, घाबरू नका."

नीलकंठरावांनी कर्दळीच्या लाल फुलांकडे, मग शेवटच्या नळाकडे पाहिलं.

"तिथूनच आण," ते म्हणाले. "आलं मात्र जास्त टाक."