न घेतलेला विडा

नोकरी गेली की माणसाचं डोकं चालेनासं होतं म्हणतात. माझं त्याच दिवशी चालू झालं! म्हैसुरात सरदार गंगाधररावांची बग्गी मी भर ज्वानीपासून हाकली. मग मद्रासहून मोटार आली, तिच्याबरोबर ती चालवणारा आला, घोडे विकले गेले आणि फत्तेसिंगराव, म्हणजे अस्मादिक, मोकळे झाले.

पगाराचं वाईट वाटलंच, पण लगाम धरता येणाऱ्याला म्हैसुरात टांगा कुठेही मिळतो. खरी काळजी डॉक्टरची होती. बंगल्याच्या नोकरांकडे दुखणंखुपणं निघालं की बंगल्याची डॉक्टरीण वनजम्मा घरी येऊन बघायची. औषधपाणी, बाळंतपण, सगळं सरदारांकडून. नोकरी संपली की हेही संपलं. आणि आमच्या हिला, इंदिराबाईला, नुकते दिवस गेले होते. आमचं पहिलं मूल सुईणीच्या हातात गेलं, आणि हीसुद्धा जाता जाता राहिली. तेव्हा दाराबाहेर बसून मी जे तास काढले ते मला पुन्हा काढायचे नव्हते. वनजम्मा हवी म्हणजे हवीच होती.

बंगल्याची एक जुनी रीत होती. नोकरीला लागताना सरदार विडा देत, आणि सुटताना धोतरजोडीवर ठेवून निरोपाचा विडा देत. स्वतः दिला नाही तर कारभाऱ्याच्या हाती तबक पाठवत. तो विडा हातात पडेपर्यंत माणूस बंगल्याचाच. मग काय! विडा घ्यायचाच नाही. आमच्या पणजोबांनी म्हैसूरच्या फौजेत मोहिमांचे विडे उचलले होते. पणतू निरोपाचा विडा चुकवणार होता. पराक्रम तो पराक्रमच.

हा बेत मी हिला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्यापेक्षा मीच उद्या आऊसाहेबांकडे जाऊन..."

आऊसाहेब म्हणजे सरदारांच्या आई. मी हात वर करून हिला तिथेच थांबवलं. "तू सुम्ने बस. बंगल्याच्या रिती बायकांना काय कळणार?"

ती गप्प बसली. ही गप्प बसली की मी सावध व्हायला हवं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

दुसऱ्याच दिवशी कारभारी मानाजीराव तबक घेऊन अग्रहारातल्या आमच्या दारात हजर. तबकात जरीकाठी धोतर, आणि धोतरावर म्हैसूरच्या कोवळ्या पानांचा, लवंग टोचलेला विडा! आता एक गोष्ट सांगायला हवी. विडा हा माझा प्राण. सकाळी डोळे उघडायच्या आत माझं तोंड चालू व्हायचं, आणि परसातल्या भिंतीवर मी उडवलेली रंगपंचमी हिने वर्षानुवर्षं चुना लावून झाकली होती. त्या विड्याकडे पाहून माझ्या तोंडाला सुटलेलं पाणी मी कसंबसं गिळलं आणि गाल धरून कण्हलो.

"दाढ," मी म्हणालो. "फार ठणकते. आज विडा नको, कारभारी."

मानाजीराव हळहळत परत गेले. मी मिशीला पीळ भरतो न भरतो तोच वनजम्मा पेटी घेऊन दारात! बंगल्याचा माणूस आजारी, म्हणून आऊसाहेबांनी तातडीने धाडलं होतं. मी म्हणालो, दाढ आता थांबली आहे. ती म्हणाली, थांबलेली दाढच जास्त वाईट असते. दुखत नव्हतं म्हणावं तर मानाजीरावांशी खोटं बोललो हे उघड होणार. मी तोंड उघडलं. चांगली धडधाकट दाढ, माझ्या वडिलांच्या दाढेसारखी, तिने उपटून माझ्या तळहातावर ठेवली. "स्वल्प मीठपाणी घ्या, अष्टे, एवढंच," म्हणाली आणि गेली.

ही दारामागे पदर तोंडावर धरून उभी होती. मला वाटलं, रडते आहे.

दाढा संपायच्या आत नवी सबब हवी होती. पुढच्या खेपेला मानाजीराव आले तेव्हा मी हात जोडले आणि सांगितलं की हिची सुखरूप सुटका होईपर्यंत विड्याला शिवणार नाही असा नवस विठ्ठलाला बोललो आहे. मानाजीरावांचे डोळे भरून आले. त्यांनी तबकावर रुमाल टाकला आणि तसेच उठले.

माझा हिशेब सरळ होता: व्रत मानाजीरावांपुरतं, विडा बाजारात गुपचूप. पण मानाजीरावांनी ही गोष्ट देवराज मोहल्ल्यातल्या पांडुरंगराव शिंप्यांना सांगितली, आणि शिंप्यांची अख्खी भजनी मंडळी विठ्ठलाची भक्त! त्यांनी मला भजनाला नेऊन पुढे बसवलं. भजन झाल्यावर सगळ्यांना विडे वाटले आणि मला तुळशीचं पान दिलं. बाजारात पानवाल्या शांताक्काकडे गेलो, तर तिने टोपली माझ्यापासून लांब ओढली.

"तुम्हाला नाही द्यायची, रायरे. बायको सुटू दे. मग टोपली घेऊन मीच येते घरी."

सगळं म्हैसूर माझ्या तोंडावर पहारा करत होतं. मी गूळ चघळला, बडीशेप चघळली, एकदा तर घोड्याचा हरभरा चघळला. टांगा हाकताना जांभया द्यायचो आणि घोडा मान वळवून माझ्याकडे बघायचा. पण वनजम्मा येत होती. हिची नाडी बघायची, पायावरची सूज दाबून बघायची, आणि जाताना म्हणायची, सगळं ठीक आहे. तेवढं ऐकलं की माझं तोंड आणखी महिनाभर बंद राहायचं.

शेवटी तो दिवस आला. मी पुन्हा तसाच दाराबाहेर बसलो होतो. आतून बाळाचा आवाज आला, मग हिचा, माझ्याकडे पाणी मागणारा, आणि मी भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या!

साखर घेऊन मी धावत बंगल्यावर गेलो. सरदारांनी खूश होऊन स्वतःच्या डब्यातला विडा माझ्यापुढे केला. मी घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. काय ती चव! अर्धा विडा गेल्यावर माझे डोळे उघडले. शेजारी मानाजीराव धोतरजोडी घेऊन उभे होते.

मी विड्यासकट सरदारांच्या पायांवर कोसळलो. "सरकार, बाळंतीण अजून ओली आहे. वनजम्माला थांबवू नका."

"तिला कोण थांबवतंय?" सरदार चकित झाले. "मोटार आली त्याच आठवड्यात इंदिराबाई आऊसाहेबांना भेटून गेल्या. पोर चालायला लागेपर्यंत वनजम्मा येणार, हे तेव्हाच ठरलं. तुम्हाला घरी बोलल्या नाहीत?"

धोतरजोडी काखेत मारून मी घरी आलो. ही खाटेवर पडून लेकीकडे बघत होती. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"सांगत होते. तुम्ही सुम्ने बस म्हणालात," ती म्हणाली. "मग परसातली भिंत पांढरी राहायला लागली. म्हटलं, राहू दे अजून थोडे दिवस."

"आणि माझी दाढ?"

"ती काही मी सांगितली नव्हती. ती तुमचीच हुशारी."

लेकीने इवलीशी जांभई दिली. तिच्याही तोंडात एक दाढ नव्हती, आणि त्या क्षणी आम्हा बापलेकींचं छान जमलं.

विडा आता पुन्हा खातो, पण गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे. परसातली भिंत अजून पांढरी आहे. फक्त सुपारीचं खांड दर वेळी नेमकं दाढेच्या त्या मोकळ्या जागेत जाऊन बसतं, आणि काढायला हिच्याकडेच सुई मागावी लागते.